चातुर्मासात डोळ्यांचा आहार

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली, की आपल्या घराघरांतून चातुर्मासाच्या नेमांची बोलणी सुरू होतात. कोणी वांगे वर्ज्य करतो, कोणी कांदा-लसूण. कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प सोडतो, तर कोणी मौन धरून भोजन करण्याचा. सुवासिनी देवापुढे गोपद्मे काढतात, वडीलधारी मंडळी एखादी पोथी लावतात. या नेमांकडे जरा निरखून पाहिले असता असे ध्यानात येते, की त्यांतील बहुतेक सारे जिभेला घातलेले लगाम आहेत. ते योग्यच आहे. जीभ जिंकणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु डोळ्यांना आणि कानांना मात्र आपल्याकडे चातुर्मास लागत नाही. ज्या घरी चार महिने कांदा चिरला जात नाही, त्याच घराच्या माजघरात रात्री साडेआठ वाजता दूरदर्शन संच लागतो, आणि भावजयीच्या दुधात काही कालवणाऱ्या नणंदेची कथा हाती जपमाळ घेतलेल्या आजीसह सगळे कुटुंब टक लावून पाहत बसते. माळेचे मणी सरकत असतात. मन कोठे सरकत असते ते एक नारायणच जाणे.

छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमारांनी देवर्षी नारदांना जो उपदेश केला, त्याच्या अखेरीस आहारशुद्धीचा विषय आला आहे. नारद म्हणजे आम्हा कीर्तनकारांच्या गादीचे मूळ पुरुष; म्हणून हा उपदेश आम्हांस विशेष जवळचा. आहार शुद्ध झाला म्हणजे अंतःकरण शुद्ध होते, अंतःकरण शुद्ध झाले म्हणजे स्मृती स्थिर होते, आणि स्मृती स्थिर झाली म्हणजे हृदयाच्या गाठी सुटतात, असा तो क्रम. आता येथे आहार म्हणजे काय? सामान्य वाचक म्हणेल, अन्न. परंतु भगवान शंकराचार्यांनी भाष्यात या शब्दाचा निराळाच अर्थ लावला आहे. जे जे आत आणले जाते तो आहार, असा धात्वर्थ घेऊन ते सांगतात, की शब्दादी विषयांचे जे ज्ञान इंद्रियांच्या द्वारांनी भोक्त्याकडे येते, तोच येथे आहार होय. आणि ते ज्ञान राग, द्वेष व मोह यांच्या संपर्कावाचून असेल, तर ती आहारशुद्धी. म्हणजे आचार्यांच्या मते कान ऐकतात ते कानांचे जेवण आणि डोळे पाहतात ते डोळ्यांचे जेवण.

श्रीरामानुजाचार्यांनी मात्र आहार म्हणजे अन्नच घेतले. त्यांनी भक्तीच्या साधनांत पहिले साधन सांगितले ते विवेक, आणि विवेक म्हणजे अन्नाची निवड. अन्नाला तीन प्रकारचे दोष लागतात असे ते पूर्वाचार्यांच्या आधारे सांगतात. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थ मुळातच तामस असणे. दुसरा आश्रयदोष, म्हणजे पदार्थ चांगला असूनही तो ज्याच्या हातून आला त्याच्यामुळे बिघडणे. तिसरा निमित्तदोष, म्हणजे उत्तम खिरीत केस पडावा तसे बाहेरून काही येऊन मिसळणे. दोन्ही आचार्यांच्या भाष्यांत पुष्कळ अंतर आहे, आणि त्यांच्या अनुयायांनी शतकानुशतके वादही केले. आपल्यासारख्या प्रापंचिकांनी मात्र दोन्ही आचार्यांना एका पंगतीस बसवावयास हरकत नाही. शंकराचार्यांकडून आहाराचा अर्थ घ्यावा आणि रामानुजाचार्यांकडून दोष ओळखण्याची रीत घ्यावी. मग आपण घरात काय पाहतो, याचा विचार करण्यास पुरेसे साहित्य हाती येते.

शास्त्रांना पाहण्याचेच वावडे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा आरंभच मुळी देवांच्या मागणीने होतो. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जाऊन म्हणतात, की डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असे एखादे मनोरंजनाचे साधन आम्हांस द्या, आणि ते सर्व वर्णांना मोकळे असू द्या. ब्रह्मदेवाने चारही वेदांतून सार काढून नाट्यवेद निर्मिला. पुढची कथा तर आजच्या वर्तमानपत्रातील वाटावी अशी आहे. देवांनी दैत्यांवर मिळविलेल्या विजयाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा दैत्य संतापले. आमची अप्रतिष्ठा केली म्हणून त्यांनी नटांची वाचा आणि हालचाल जखडून टाकली. अखेर ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली, की हे नाट्य केवळ तुमचे नव्हे आणि केवळ देवांचेही नव्हे. यात तिन्ही लोकांचे भाव दाखविले जातात. चित्रपटावरून भावना दुखावल्याची पहिली तक्रार अशी ब्रह्मदेवाच्या दरबारात दाखल झालेली आहे!

याच ग्रंथात रंगभूमीवर काय दाखवू नये, याचेही नियम आहेत. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत. त्या प्रवेशकाच्या द्वारे, म्हणजे दोन पात्रांच्या संभाषणातून कळवाव्यात. शयन, आलिंगन, चुंबन हेही रंगभूमीवर आणू नये. याचे जे कारण भरतमुनींनी सामान्याभिनयाच्या अध्यायात दिले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. ते पाप आहे असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, की नाटक हे पिता, पुत्र, सून आणि सासू यांनी एकत्र बसून पाहावयाचे असते, म्हणून या गोष्टी टाळाव्यात. नीतीचा केवढा मोठा प्रश्न मुनींनी एका बैठकीच्या व्यवस्थेने सोडविला! शेजारी कोण बसले आहे, यावरून काय पाहावे हे ठरते.

वाचकहो, गेल्या शंभर वर्षांत आपल्या पाहण्यात जो बदल झाला, तो याच एका सूत्राने मला उलगडतो. त्र्यंबकेश्वरी एका संस्कृत पंडिताच्या घरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. मला हे विवेकाचे उत्तम उदाहरण वाटते. परक्या दैवताचे चित्र म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि त्याच्या झगमगाटाने ते आपले दैवतही विसरले नाहीत. त्या पाहण्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. त्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला, तेव्हा पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकटताच प्रेक्षक हात जोडीत.

पुढे १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, आणि विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा हाच महाराष्ट्राच्या मनात तुकोबांचा चेहरा होऊन बसला. या चित्रपटाविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि एक गोष्ट सांगावयास हवी. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली, की भाविकांनी ती गाथ्यात शोधली, आणि अजूनही पुष्कळ जण ती तुकोबांचीच म्हणून गातात. हा आठवल्यांच्या प्रतिभेचा विजय खरा. पण प्रेक्षकाच्या विवेकाला तो एक इशाराही आहे. उत्तमातील उत्तम कलाकृतीत मूळ कोठे संपते आणि रचना कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याने स्वतःच पडताळून घ्यावे लागते. पडदा ते सांगत नाही.

मग २५ जानेवारी १९८७ चा रविवार उजाडला. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, ती ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. त्या दिवसांचे वर्णन पन्नाशीच्या पुढील वाचकांना करून सांगावयास नकोच. संचाला हार घातले जात, उदबत्ती लावली जात असे. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आमच्या अंबडला ज्या चार-सहा वाड्यांत संच होता, तेथे अंगणापर्यंत माणसे बसत. मी तेव्हा ऐन उमेदीत होतो. रामनवमीच्या उत्सवात अरण्यकांड लावले, की श्रोते मालिकेतील प्रसंग मनात धरूनच ऐकावयास येत. मी सांगितलेला प्रसंग तिच्याशी जुळला नाही, तर माझे चुकले असे त्यांस वाटे. या गोष्टीची आम्हा कीर्तनकारांमध्ये कुरबूर होती, ती मी येथे लपवीत नाही. पण त्या बैठकीचा एक मोठा गुण होता. सासू, सून, पिता, पुत्र, गडीमाणसे, शेजारचे मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबसुद्धा एका अंगणात बसून पाहत होती. भरतमुनींची अट आपोआप पाळली जात होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा काही काळ घरे पुन्हा एका खोलीत आली. टाळेबंदी उठली आणि पुन्हा प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, आपापल्या मोबाईलपाशी गेला.

खरी अडचण येथे आहे. आजच्या पडद्यावर पूर्वीपेक्षा वाईट दिसते, असे सरसकट म्हणणे सोपे आहे, आणि वृद्धांच्या तोंडी ते शोभतेही. पण वाईट पूर्वीही होते. बदलले ते हे, की पाहणाऱ्याच्या शेजारी आता कोणी बसलेले नाही. बैठक हाच आपला परीक्षक होता, तो गेला. आता जो परीक्षक असेल तो पाहणाऱ्याच्या आत असावयास हवा, आणि आतला परीक्षक चार दिवसांत तयार होत नसतो.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच उभा राहिला, असे नाही. ख्रिस्ती समाजाला तो आपल्या आधी भेडसावला, आणि त्यांनी त्यावर जे उपाय केले ते समजून घेण्यासारखे आहेत. आमच्या जिल्ह्याला ख्रिस्ती शेजार नवा नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसविली होती. (रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्तचरित्रावर कीर्तने रचली, आमची चिपळी त्यांनी उचलली, याचे मला कधीच वाईट वाटले नाही.) अमेरिकेत १९३४ च्या सुमारास कॅथॉलिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ नावाची चळवळ उभी राहिली. चर्चमध्ये उभे राहून हजारो भाविक शपथ घेत, की अनीतीचे चित्रपट आम्ही पाहणार नाही. चळवळीने चित्रपटांच्या याद्या केल्या: निर्दोष, काही अंशी आक्षेपार्ह आणि सर्वस्वी त्याज्य. चित्रपट काढणाऱ्या कंपन्या या यादीला घाबरत. पोप अकरावे पायस यांनी जून १९३६ मध्ये एक पत्र प्रसिद्ध करून या प्रयत्नाची प्रशंसा केली आणि प्रत्येक देशात असे कार्यालय असावे, अशी सूचना केली.

पुढे काय झाले? यादीचा धाक दोन-तीन दशके टिकला, मग ओसरला; १९६५ साली त्या चळवळीने आपले नावही बदलले. त्याआधीच, डिसेंबर १९६३ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने प्रसारमाध्यमांविषयी जो निर्णय दिला, त्यात स्वेच्छेने निवड करणाऱ्या वाचक, प्रेक्षक आणि श्रोत्यांवरच विशेष कर्तव्य सोपविले होते. आणि १९९५ साली, चित्रपटकलेला शंभर वर्षे होत असताना, व्हॅटिकनने त्याज्य चित्रपटांची नव्हे, तर पाहण्याजोग्या पंचेचाळीस चित्रपटांची यादी काढली. त्या यादीत महात्मा गांधींच्या जीवनावरील १९८२ चा चित्रपट आहे. वर्ज्य काय ते सांगण्यापासून ग्राह्य काय ते सांगण्यापर्यंत यावयास एका प्राचीन धर्मपीठाला साठ वर्षे लागली. आपल्याकडे अजून पहिलीच पायरी चालू आहे, आणि तीही पुष्कळदा चित्रपट न पाहताच चढली जाते. कोणत्या चित्रपटाचे फलक फाडावयाचे हे आपल्या तरुणांना ठाऊक असते; नातवंडांना कोणता चित्रपट मुद्दाम दाखवावा, हे कोणी सांगत नाही.

जालन्यातील माझ्या परिचयाचे एक ख्रिस्ती शिक्षक ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात घरातील दूरदर्शन संचावर कापड घालून ठेवीत. मी त्यांना विचारले, की चाळीस दिवसांनी कापड काढल्यावर काय? ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, कापड काढल्यावर निम्मे कार्यक्रम आपणहून नकोसे झालेले असतात. जे तरीही पाहावेसे वाटतात, ते आम्ही पाहतो.” चातुर्मासातील वर्ज्यांचे रहस्य याहून सोप्या शब्दांत मी माझ्या कीर्तनातही सांगू शकलेलो नाही.

सरकारनेही आपल्या परीने व्यवस्था केली आहे. चित्रपटांना प्रमाणपत्र देण्याचा कायदा १९५२ चा. २०२१ च्या नियमांनी महाजालावरील मालिकांनाही वयाप्रमाणे सात, तेरा, सोळा आणि प्रौढ असे शिक्के मारण्याचे बंधन आले, आणि मुलांपासून काही कार्यक्रम कुलूपबंद ठेवण्याची सोयही आली. २०२३ साली चित्रपटांच्या कायद्यातही असेच वयोगट आले. उत्तम. पालकांनी ही कुलपे वापरावीत. आपल्या संचात ती आहेत हे पुष्कळांना माहीतच नसते. पण हे शिक्के लेकरांपुरते आहेत. आजीला काय पाहू द्यावे, याचा शिक्का कोणते मंडळ मारणार?

हे मी विनोदाने म्हणत नाही. सकाळच्या पारी, घरातील कर्ती माणसे कामाला लागलेली असताना, दूरदर्शन संचासमोर बसते ती वृद्ध माणसे. नेमक्या त्याच वेळी यंत्रे, लॉकेटे आणि रुद्राक्ष विकणाऱ्या जाहिराती लागत आल्या आहेत. मारुतीरायाच्या नावाने सोन्याचा मुलामा दिलेले यंत्र घ्या, कर्ज फिटेल, नोकरी लागेल, दुखणे जाईल! विकणाऱ्यांत नामवंत नटमंडळीही असत. या प्रकाराविरुद्ध एक याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली, आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला, की चमत्कारी शक्तीचा दावा करून अशा वस्तूंची दूरदर्शनवरून जाहिरात करणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदेशीर आहे. आपल्या मराठवाड्यातून उठलेल्या या तक्रारीचा मला अभिमान वाटतो. ती कोणा नास्तिकाने करावयाची वाट न पाहता आपण भाविकांनीच आधी करावयास हवी होती. ज्या मारुतीरायाने सीतामाईचा शोध लावला आणि मोबदल्यात काहीच मागितले नाही, त्याला हप्त्याने विकणे ही त्याची उपासना कशी?

आता रामानुजाचार्यांचे तीन दोष येथे लावून पाहावेत. उघड उघड अश्लील चित्रपट हा जातिदोषाचा. त्याविषयी फार लिहावयास नको, भाविक घरात तो लागला तर कोणीतरी उठून बंद करतोच. यंत्राची जाहिरात हा आश्रयदोष: मारुतीचे नाव पवित्र, पण ते ज्याच्या हातून आले त्याचा डोळा आपल्या गाठीवर. आणि हरिपाठाच्या मधोमध येणारी जुगाराच्या खेळाची जाहिरात, हा खिरीतला केस. यांतील पहिला दोष ओळखण्यास कोणतीही बुद्धी लागत नाही. म्हणूनच तो भाविकाला फारसा बाधत नाही. भाविकाला फसवितो तो नेहमी दुसरा. देवाचे चित्र, शंखाचा आवाज, भगवी पताका दिसली, की आपण परीक्षा करावयाचे सोडून हात जोडतो.

यावर उपाय सांगण्यास आम्हांस दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब येथे १६०८ साली रामनवमीच्या दिवशी समर्थ रामदासस्वामींचा जन्म झाला. दासबोधाच्या सातव्या दशकात श्रवणाचे निरूपण करणारा एक समास आहे. त्यात ग्रंथ कशाला म्हणावे, याची कसोटी समर्थांनी दिली आहे. त्या कसोटीचे मर्म असे, की ते ग्रंथाच्या विषयाकडे न पाहता ऐकणाऱ्यावर होणाऱ्या परिणामाकडे पाहतात. जे ऐकून अनुताप होतो, गर्व गळतो, अवगुण पालटतात, धैर्य वाढते, परोपकार घडतो, तो ग्रंथ. जे ऐकून लोभच वाढतो, तेथे विवेकाची भेट कोठून व्हावी? समर्थांच्या काळी पडदा नव्हता. पण ‘ग्रंथ’ या शब्दाच्या जागी ‘चित्र’ घालून पाहिले, तर एक अक्षरही बदलावे लागत नाही.

ही कसोटी लावली म्हणजे पुष्कळ मौजेचे निकाल लागतात. देवघर दाखविणारी, प्रत्येक सणाला पैठणी नेसणारी कौटुंबिक मालिका पाहून उठलेली सून जर आपल्या सासूकडे संशयाने पाहू लागली, तर ती मालिका नापास. तिच्यात कितीही आरत्या असोत. मोसंबीच्या बागेवरील रोगाची माहिती देणारा एखादा साधा कार्यक्रम पाहून शेतकरी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला ती सांगावयास गेला, तर तो कार्यक्रम उत्तीर्ण. त्यात देवाचे नावही नसो. क्रिकेटचा सामना पाहून मुले मैदानात धावली तर उत्तम, आणि पैजा लावू लागली तर वाईट. एखादा निखळ विनोदी चित्रपट पाहून घर पोट धरून हसले, तर त्यात काय बिघडले? हास्य हा नवरसांपैकीच एक आहे, आणि विनोदावाचून कीर्तनाचा उत्तररंग आम्हांलाही रंगविता येत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा आहे ती मोबाईलवर फिरणाऱ्या तथाकथित धार्मिक चित्रफितींची. पहाटे पाच वाजल्यापासून त्या येऊ लागतात. काहींत काकडआरती असते; त्या गोड असतात. परंतु पुष्कळांत अमुक ठिकाणी देवाची विटंबना झाली, तमुक समाज आपल्यावर उठला आहे, पाहा आणि दहा जणांना पाठवा, असा मजकूर असतो. चित्र कोठले, कोणत्या वर्षीचे, कोणी काढले, याचा पत्ता नसतो. ते पाहून आपल्या छातीत जे धडधडते, त्याला आपण धर्माभिमान समजतो. शंकराचार्यांची व्याख्या येथे पुन्हा आठवावी: राग, द्वेष आणि मोह यांनी न विटाळलेले ज्ञान तो शुद्ध आहार. ज्या चित्रफितीने द्वेषच पोटात गेला, ती भगव्या चौकटीत असली तरी अशुद्ध आहार होय. आणि चातुर्मासात कांदा न खाणाऱ्याने ती गिळू नये, दुसऱ्याच्या ताटात वाढू तर मुळीच नये. गावात एकमेकांशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे एका चित्रफितीने एका सकाळी एकमेकांना ओळखेनाशी होतात. हे लिहिताना मला कोणाची भीड वाटत नाही, कारण जे मी व्यासपीठावरून बोलतो तेच येथे लिहीत आहे.

आणि आमचे कीर्तन? त्यालाही ही कसोटी लावलीच पाहिजे. आजकाल कीर्तन यू ट्यूबवर येते. खेड्यातील, परदेशातील, अंथरुणाला खिळलेल्या भाविकाला घरबसल्या ते ऐकावयास मिळते, हा फार मोठा लाभ. पण दोन तासांच्या कीर्तनातून दीड मिनिटाचा तुकडा कापला जातो, आणि तो तुकडा नमनाचा नसतो, निरूपणाचा नसतो. तो असतो सुनांची, शिकलेल्या मुलींची किंवा नवऱ्याच्या फजितीची टवाळी करणारा. तेवढाच लाखो लोक पाहतात. मग हळूहळू बुवा त्या तुकड्यासाठीच बोलू लागतो, आणि उरलेले कीर्तन त्या तुकड्याची भरती होऊन राहते. श्रोते हसतात म्हणून बुवा बोलतो, आणि बुवा बोलतो म्हणून श्रोते हसतात. नारदांच्या गादीवर उभे राहून स्त्रीची निंदा करणाऱ्याचे कीर्तन पाहावयास नकार देणे, हेही आजच्या भाविकाचे एक व्रतच आहे. बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे एवढ्यावर त्यांना गुण देऊ नयेत.

कोणी म्हणेल, शास्त्रीबुवा, इतका विचार करीत बसले तर पाहण्याचा आनंदच जाईल. कठोपनिषदातील रथाचे रूपक आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तेथे इंद्रिये घोडे आहेत. घोडे सोडून द्या असे यमधर्म नचिकेताला सांगत नाहीत. घोड्यावाचून रथ जाणार कसा? विदर्भातील गुलाबराव महाराजांना बालपणीच दृष्टी गेली, तरी त्यांनी सव्वाशेच्या वर ग्रंथ रचले, आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. आपल्याला देवाने चर्मचक्षू दिले आहेत. त्यांना दिवसाकाठी काय वाढावयाचे एवढेच ठरवावयाचे आहे.

म्हणून या चातुर्मासात कांद्याबरोबर आणखी एक नेम धरावा, असे माझे सुचविणे आहे. सर्व काही बंद करण्याचा नव्हे. तो नेम आठ दिवसांत मोडतो, आणि मोडल्याचे शल्य तेवढे उरते. नेम असा, की चार महिने घरात जे पाहावयाचे ते निदान दोघांनी मिळून पाहावे, आणि पाहून झाल्यावर दहा मिनिटे त्याविषयी बोलावे. मुलाला “काय रे, कसले पाहतोस?” म्हणून दटावण्यापेक्षा त्याच्या शेजारी जाऊन बसावे. प्रथम तो अवघडेल. काही चित्रे आपणहून बदलेल. तेथे भरतमुनींचे काम झाले. आलेली चित्रफीत खरी की खोटी हे कळेपर्यंत पुढे पाठवू नये. जेवणाच्या वेळी सर्वांचे मोबाईल फडताळात असावेत, आणि आजोबांचाही त्यात असावा. घरातील कर्त्या बाईने ठरविले तर यातले बरेचसे आठवड्याभरात जमते. पुरुषांनी ठरविले तर सभा होते.

आमच्या घरी हा नेम गेल्या वर्षी धरला होता. नातीने ‘रामायण’ मालिका पुन्हा पाहावयाची असे ठरविले, म्हणून मी तिच्याबरोबर बसलो. सीताहरणाच्या प्रसंगी लक्ष्मणाने रेषा काढली. मालिका संपल्यावर तिने विचारले, की ही रेषा किती लांब असेल? मी तिला वाल्मीकिरामायणाचे अरण्यकांड काढून दिले आणि पंचेचाळिसावा सर्ग तिच्याकडून वाचून घेतला. तेथे लक्ष्मण सीतामाईला वनदेवतांच्या स्वाधीन करून, मागे वळून वळून पाहत निघून जातो. रेषा कोठेच नाही. ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “आजोबा, मग रेषा कोणी काढली?” तुलसीदासांच्या लंकाकांडात मंदोदरी रावणाला त्या रेषेची आठवण देते, इतके मला ठाऊक होते. त्याआधी ती कोठे कोठे आली, हे धुंडाळीत आम्ही दोघे तीन दिवस माडीवरच्या पोथ्या उलगडीत होतो. तिच्या आजीने जेवणासाठी दोनदा हाक मारावी तेव्हा आम्ही खाली यावे.